नावेत कोण होतं?

नाथाजी नावाडी बोलायला लागला की नाव काठाला लागली तरी उतारू उतरत नसत. कुणाची म्हैस कुठं व्याली, कराडच्या बाजारात कुणी कुणाला गंडवलं, सगळं त्याच्यापाशी असायचं, आणि पदरचा मीठमसाला लावल्याशिवाय तो काही सांगत नसे. अशा बोलघेवड्या माणसाच्या तोंडाला पुढं कुलूप बसलं. ते कुणी दमदाटी करून घातलं नाही. चांगला हक्क देऊन, मानानं घातलं.

त्याचं गाव कृष्णेच्या काठी, एका छोट्या संस्थानात होतं. समोरचा काठ मात्र इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. त्यामुळं इकडचं वॉरंट असलेला माणूस तिकडं गेला किंवा तिकडचा इकडं आला, की फौजदारांना काठावर उभं राहून हात चोळावे लागत. बेचाळीसनंतरच्या त्या धामधुमीत भूमिगतांना नदी पार करून देणारं माणूस लागायचं. ते काम नाथाजी आणि त्याचा धाकटा भाऊ अर्जुना करत. नाथाजी वल्हं मारायचा, अर्जुना काठावर राखण करायचा. पकडलं गेलं तर नाव जप्त आणि तुरुंगवास, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण तरण्या वयात माणसाला असल्या गोष्टी दुसऱ्याच्याच वाटतात.

त्रेचाळीसच्या पावसाळ्याच्या अखेरीला एका पहाटे, नुकतं दिसू लागलं असताना, नाथाजीनं दोन फरारींना नावेत निजवलं, वर उसाचा पाला टाकला आणि नाव सोडली. नाव थोडी आत गेली असेल-नसेल, तोच मागं काठावर संस्थानचे पोलीस आले. अंधुक पाण्यावरची नाव त्यांना दिसली नाही, पण फरारींचा पत्ता विचारत त्यांनी अर्जुनाला धरलं. हवालदारानं बंदुकीचा दस्ता त्याच्या डोक्यात घातला. अर्जुना खाली बसला. हवालदारानं पुन्हा घातला. मग दोघांनी त्याचे हातपाय धरून त्याला पाण्यात टाकलं. नाथाजीनं हे सगळं वल्हं हातात धरून बघितलं. नाव वळवली असती तर पाल्याखालचे दोघे फासावर गेले असते. तो वल्हं मारत राहिला.

पोलिसांनी कागद केला, की अर्जुना दारू पिऊन नदीत पडला आणि बुडाला. नावाड्याचा मुलगा, भर पुरात म्हशीच्या शेपटीला न धरता नदी ओलांडणारा, तो म्हणे बुडाला! त्याची बायको राहीबाई हे ऐकून रडलीसुद्धा नाही, नुसती संतापली. "दारूला त्यांनी कदी हात लावला न्हाई, आन् पाण्याला कदी भ्याले न्हाईत," एवढंच ती आल्यागेल्याला सांगायची. नवरा गेला हे तिनं कसंबसं सोसलं. बेवडा म्हणून गेला, हे तिला सोसवत नव्हतं.

सेहेचाळीस सालाच्या सुरुवातीला संस्थानात नवं निवडलेलं कायदेमंडळ आलं. पोलिसांच्या जुलमाची चौकशी करायला त्यांनी आपल्यातल्या तीन सभासदांची समिती नेमली. राहीबाईनं अर्ज केला. साक्षीदार म्हणून नाथाजीला बोलावणं आलं.

निघायच्या सकाळी तिनं देव्हाऱ्यातला भंडारा ताटलीत घेऊन त्याच्यापुढं धरला. "भावजी, उचला. बघितलं ते सांगीन, खोटं बोलायचो न्हाई, म्हना." नाथाजीनं भंडारा उचलला. त्या मुलखात भंडारा उचलून माणूस खोटं बोलत नाही. आणि भंडारा उचलून जो गप्प बसतो, त्यानं गुन्हा कबूल केला असंच गाव धरतं.

संस्थानच्या राजधानीत आप्पासो वकील भेटले. भला माणूस. एक पैसा न घेता त्यांनी राहीबाईचा अर्ज लिहून दिला होता. त्यांनी नाथाजीला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"हे बघ नाथा, ही समिती म्हणजे कोर्ट नव्हे. पण तू आत जे बोलशील ते दारात बसलेला फौजदार लिहून घेणार. तुझ्यावर खटला भरायला तेवढं पुरे हाय."

"मग वो?"

"मग असं, की ज्या सवालाच्या उत्तरानं तू स्वतःच अडकशील, त्याचं उत्तर द्यायची तुझ्यावर सक्ती न्हाई. 'या सवालाचं उत्तर देत न्हाई' म्हणायचं. तो तुझा हक्क हाय. कुणी काय करू शकत न्हाई."

नाथाजीला जन्मात पहिल्यांदा कुणी सांगत होतं की तुला काही हक्क आहे. त्याला तेवढ्यानंच बरं वाटलं, बिचाऱ्याला.

आत तिघे सभासद खुर्च्यांवर बसले होते. नाथाजी उभा राहून बोलू लागला आणि चांगलं बोलला. दस्ता, दोन घाव, हातपाय धरून टाकणं, सारं सांगितलं. या वेळी मीठमसाला नव्हता. एक सभासद तर मान खाली घालून बसला. दारापाशी फौजदाराची पेन्सिल थांबलेली होती.

अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले, "तुम्ही कुठून बघितलंत हे?"

"नावंतनं. नाव पान्यात हुती."

"इतक्या पहाटे? नावेत कोण होतं?"

पेन्सिल वर आली. खोटं बोलायचं तर भंडारा आडवा येत होता. खरं बोलायचं तर तुरुंग दिसत होता, जप्त झालेली नाव दिसत होती, आणि त्या नावेवर जगणारं घर दिसत होतं, त्यात राहीबाईही आली. पण खरं सांगायचं तर घर नंतर आठवलं. आधी तो नुसता भ्याला.

"या सवालाचं उत्तर देत न्हाई," तो म्हणाला.

"तो तुमचा हक्क आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण नीट विचार करा. त्या क्षणाची अर्धी हकीकत सांगून अर्धी झाकलीत, तर पहिलीवर आम्ही भिस्त कशी ठेवायची? पुन्हा विचारतो. नावेत कोण होतं?"

नाथाजीनं भिंतीपाशी बसलेल्या आप्पासो वकिलांकडं बघितलं. त्यांनी नजर वळवली. खोलीत कुणी ओरडलं नाही, कुणी धमकावलं नाही. उलट शिपायानं त्याला पाणी आणून दिलं. ते पिऊन तो तेच वाक्य पुन्हा म्हणाला. साक्ष भरवशाची नाही म्हणून बाजूला ठेवली गेली. अहवालात अर्जुना दारू पिऊनच बुडाला. नाथाजीवर खटला झाला नाही. हक्कानं आपलं काम चोख केलं.

तो घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. गावाला तो हक्कबिक्क काही कळला नाही. गावानं एवढंच ऐकलं, की भंडारा उचलून गेला आणि गप्प बसला. "भावाला ह्यानंच धरून दिला आसंल," असं पारावर कुणीतरी म्हणालं आणि दुसऱ्या कुणाला ते खोडावंसं वाटलं नाही. ज्या दोघांना त्यानं पार केलं होतं ते दूर कुठंतरी लपलेले. त्याच्या बाजूनं बोलणार कोण? उतारू नावेत बसत, पण त्याच्याकडं पाठ करून. त्यानंही गोष्टी सांगणं सोडलं. राहीबाई बाजाराला जाताना त्याची नाव टाळून, लांबच्या पुलावरून वळसा घालून जाऊ लागली. एका अंगणात राहून ती त्याच्याशी अवाक्षर बोलत नसे. त्याच्या भाकऱ्या मात्र थापून झाकून ठेवायची, आणि ते त्याला जास्त लागायचं.

पुढं स्वातंत्र्य आलं. भूमिगतांना मदत केल्याचे खटले सरकारनं सोडून दिले, उलट त्यांचे सत्कार सुरू झाले. आता तो प्रश्न विचारला असता तर नाथाजीनं छाती पुढं काढून नावं सांगितली असती. तो राजधानीला गेलासुद्धा. पण संस्थान विलीन झालं होतं, कायदेमंडळ मोडलं होतं, आणि आप्पासो वकील वारले होते. कचेरीतला नवा कारकून म्हणाला, "बाबा, ती समितीच ऱ्हायली न्हाई. तुमचं ऐकणार कोण?"

परत आल्यावर तो राहीबाईच्या उंबऱ्याशी जाऊन बसला. ती जात्यावर होती. त्यानं सगळं सांगितलं, पाल्याखाली कोण होते, नाव का वळवली नाही, समितीपुढं तोंड का मिटलं. ती दळत राहिली. त्याचं सांगून झाल्यावर तिनं जातं थांबवलं.

"तवा बोलला आसता, तर काय झालं आसतं?"

"तुरुंगात टाकलं आसतं."

"किती?"

"वकील म्हनत हुते, वरीस-दोन वरीस."

राहीबाईनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं.

"एवढंच व्हय, भावजी?" ती म्हणाली, आणि पुन्हा दळायला लागली.