बोटांची मर्जी

जगातली झाडून सारी माणसं डोक्यानं शिकतात. अंगाला विचारून शिकणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझाच साडू निघाला. धरणगावच्या जिनिंगमध्ये साडूभाऊंची उभी हयात कापसाची प्रत ठरवण्यात गेली. चिमूटभर कापूस अंगठ्यात आणि बोटात धरून ओढायचा आणि न बघता सांगायचं, हा पावसात भिजलेला. निवृत्त झाले आणि नजरच उतरत चालली. डॉक्टर म्हणाले, फार तर वर्ष-दोन वर्षं. कादंबऱ्यांचा फडशा पाडणारा माणूस, दुसऱ्या कुणी हाय खाल्ली असती. हे जळगावला जाऊन ब्रेलचं पुस्तक घेऊन आले. शिकवणार कोण, असं मी विचारलं, तर म्हणाले, "बोटं शेतस ना."

रोज सकाळी ते आधी अंगाची हजेरी घेत. तळवे थंड असले की ऊन खात बसत, पोट जड असलं की अभ्यासाला सुट्टी. डाव्या तर्जनीचे लाड तर विचारू नका. तिला चहाचा गरम पेला वर्ज्य, मिरची वर्ज्य, आणि भरिताचं भाजलेलं वांगं सोलण्याचं तर नावच नको. "बठ्ठी वांगी मीच सोलू?" त्यांची बायको, आमची अक्का, करवादायची. एकदा माझ्यादेखत अक्षरं सरसर लागत असताना हे पुस्तक मिटून उठले. म्हणाले, "खांदा कानले भेटाले उना का उठी जावानं. गोडी शे तवरच उठानं, मंग सकाय बोट सोताच पुस्तक मांगस." अंग आखडायच्या आत थांबायचं, म्हणजे उद्या बोट आपणहून पुस्तक मागतं, एवढंच त्यांचं शिक्षणशास्त्र. मी जन्मभर मान मोडेपर्यंत घोकलं, म्हणून आज काही आठवत नाही.

परवा गेलो तेव्हा नजर पार गेली होती. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. तिन्हीसांजेला मी दिवा लावायला उठलो, तर अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, वाचन चालू शे." अंधारात ते अडखळत गोष्ट वाचत होते आणि ती वांगं सोलत ऐकत होती. थोड्या वेळानं त्यांचा खांदा चढला. त्यांनी पुस्तक मिटलं.

"मंग काय व्हयनं?" अक्कानं विचारलं.

"सकाय."

"एकच ओळ वाचा ना."

नियम मोडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. साडूभाऊंनी खांदा खाली सोडला, तर्जनी धोतराला पुसली आणि पुस्तक पुन्हा उघडलं.