यादीत एकच नाव

अश्विनी बहारीनला, अदलिया भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात काम करायची. दिवसभर परक्या माणसांच्या उघड्या तोंडांशी गाठ. रावजीकाकांचं तोंड मात्र त्या सगळ्यांत जड जायचं, कारण ते बंद करायला सांगायची सोय नव्हती.

रावजीकाका तिच्याच गावचे, संगमेश्वराकडचे. इथे त्यांच्या बसगाड्या होत्या आणि इथल्या कोकणी मंडळाचे ते अध्यक्ष होते. एका शुक्रवारी ते सफरचंदांची पेटी घेऊन तिच्या झिंज भागातल्या फ्लॅटवर आले. बरोबर सेक्रेटरी विवेक. अश्विनीचा नवरा चिराग शिफ्टला गेला होता, लेक आत झोपली होती.

"काय गो अश्विनी, प्रवीण इथे आलाय ता कळला ना?" काकांनी चेहरा शक्य तितका दुःखी केला.

कळलं होतं. प्रवीण गावात त्यांच्या शेजारी राहायचा. ती आठ वर्षांची असताना आणि तो चौदाचा असताना त्याने तिच्याशी जे केलं, ते तिच्या वडिलांनी दडपलं नाही. सरळ पोलिसांत गेले. केस मुलांच्या न्यायमंडळापुढे चालली, प्रवीण सुधारगृहात राहिला, मग फाइल बंद झाली. आता तो एसीचं काम करत होता आणि मंडळाच्या मुलांच्या नाटकाला लायटिंग करून देत होता. गावच्या ग्रुपवरून ही गोष्ट इथल्या ग्रुपवर आली आणि मंडळाला एकदम नीतिमत्तेचा ताप चढला.

"आपण अशा लोकांची एक यादी करतोय," विवेक म्हणाला. "हॉलच्या दारावर फोटो, आपल्या सगळ्या दुकानांत फोटो, कंपन्यांनाही कळवायचं. कायमचं. आयुष्यभर. फक्त तुमची सही हवी."

"तुझ्यासाठीच करतोय, पोरी," काका म्हणाले. त्यांनी सफरचंदांची पेटी तिच्याकडे सरकवली.

अश्विनीला हसू आलं, पण कडवट. वडील तक्रार मागे घेईनात तेव्हा हेच रावजीकाका त्यांच्या पडवीत बसून "पोरीचं लग्न व्हायचंय, गावाची अब्रू आहे" म्हणत होते. ऐकलं नाही म्हणून पुढच्या शिमग्याला ग्रामदेवीची पालखी सगळ्या घरांत गेली, अश्विनीच्या दारावरून मात्र तशीच पुढे नेली. ढोल वाजत जवळ आले आणि लांब गेले. आई ओटीचं तबक घेऊन उंबऱ्यातच उभी होती. पालखी कुठे थांबवायची हे तेव्हा ठरवणारे मानकरी रावजीकाकाच.

"यादीत आणखी कोण आहे?" तिने विचारलं.

"सध्या प्रवीणच," विवेक म्हणाला.

"आणि ते देणगीदार? नाचाच्या सरावात मुलींच्या अंगाला हात लावतात म्हणून तीन आयांनी तुम्हाला सांगितलंय ते?"

विवेक सफरचंदांकडे बघू लागला. काका खाकरले. "ता वेगळा. मोठा माणूस आहे. गैरसमज झाला असेल."

"म्हणजे चौदाव्या वर्षी केलं तर जन्मभर, आणि पन्नाशीत केलं तर गैरसमज."

तिने सही केली नाही. पेटीही परत दिली. लिफ्टपाशी काका विवेकला म्हणाले, "हिला माणसांची कदर नाही." ते तिला ऐकू आलं, आणि पटलंही.

दोन दिवसांनी प्रवीण दवाखान्याबाहेरच्या पार्किंगमध्ये उभा दिसला. टक्कल पडायला लागलेलं, नखांत काळं भरलेलं.

"ताई, तुम्ही एक शब्द टाकलात तर..."

"ताई म्हणू नकोस."

तो खाली बघून म्हणाला, "नोकरी जाईल. व्हिसा जाईल. मी तेव्हा लहान होतो."

"मी तुझ्याहून लहान होते."

"मी सुधारलोय."

"मग मुलांच्या नाटकात काय करतोस? एवढे दिवे लावायची हौस आहे, तर मोठ्यांच्या कार्यक्रमाला लाव. हे दुसऱ्या कुणी सांगायला हवं का तुला?"

इतक्या वर्षांत माफी मागायला तो कधी आला नव्हता, आणि आता आला तो शिफारस मागायला. तिला त्याची कीव आली नाही. किळस आली, आणि त्याहून जास्त कंटाळा आला.

"आयुष्यभर असंच राहायचं का मी?" त्याने विचारलं.

"ते मला विचारू नकोस. तुझी सोय लावणं हे माझं काम नाही."

टॅक्सीत बसल्यावर मात्र तिच्या मनात आलं, की दुकानादुकानांत फोटो लागला तर हा उद्या दुसऱ्या देशात जाईल. तिथे त्याला कुणीच ओळखणार नाही. इथे देणगीदार पुढच्या रांगेत बसतील आणि रावजीकाका त्यांना शाल घालतील. आपण मुलं राखली असं म्हणत मंडळ जेवायला बसेल.

म्हणून ती मंडळाच्या सभेला गेली, तिच्या सहीशिवायच यादीचा ठराव तिथे येणार होता. ठराव वाचून झाल्यावर उठली. आपल्याबाबतीत काय झालं ते तिने सांगितलं नाही, ते ग्रुपवर आधीच चघळून झालं होतं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या नावावर यादी करायची नाही. प्रवीणला मुलांपासून लांब ठेवा, त्याला माझी हरकत नाही. पण यापुढे कुणीही, अध्यक्षसुद्धा, मुलांबरोबर एकटं राहायचं नाही. सरावाला दोन आया हजर आणि दार उघडं."

"म्हणजे आमच्यावर संशय?" रावजीकाका ताडकन उठले.

"हो."

हॉलमध्ये गलका उडाला. अब्रू, अपमान, सेवा हे शब्द जिकडेतिकडे उडू लागले. शेवटी मंडळाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या गोदाबाई मागून ओरडल्या, "दार उघडं ठेवायला कुणाच्या पोटात का दुखावं?" बायका एकेक करून त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. पुरुषांपैकी चिराग पहिला उठला, मग बरेच जण बायकोकडे बघून उठले.

दाराचा नियम झाला. यादीसाठी उपसमिती नेमली गेली, म्हणजे यादी खलास. देणगीदारांनी रागाने देणगी बंद केली आणि पुन्हा सरावाकडे फिरकले नाहीत. तो गैरसमज नव्हता हे त्यावरून सगळ्यांना कळलं, पण तोंडाने कुणी बोललं नाही. प्रवीणने मेसेज केला, "मुलांच्या कार्यक्रमाला येणार नाही." तिने उत्तर दिलं नाही. मेसेज पुसला.

रावजीकाकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. त्या बाबतीत ती सुखी होती.

प्रवीण बहारीनमध्येच राहिला. कधी झिंजच्या बाजारात त्याच्या कंपनीची व्हॅन दिसली की अश्विनी लेकीचा हात धरून रस्ता ओलांडायची. "आई, व्हाय आर वी क्रॉसिंग?" लेक विचारायची. "पलीकडे सावली आहे," ती सांगायची, आणि भर उन्हातून चालत राहायची.