पोरं मोजायची वेळ

पत्नी कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. ती गेल्यावर तिचे पाहणीचे कोरे फॉर्म तिच्या सहकारी बाईंना द्यायला मी एसटीने पाथर्डीला निघालो होतो. शेजारच्या आजीबाईंनी माझ्या मांडीवरच्या गठ्ठ्यात डोकावून पाहिलं.

"सर्वेवाले का?"

"पत्नीचे कागद आहेत. ती वारली."

"आगं बाई!" त्यांनी पिशवी सरकवून मला ऐसपैस जागा दिली आणि लगेच मुद्द्यावर आल्या. "सर्वे कवा आस्तो तुमचा?"

"जानेवारीत."

"तितंच चुकतंय." त्यांनी फॉर्मवर बोट आपटलं. "तवा समदं गाव ऊसतोडीला गेलेलं. मागं एक सर्वे झाला, त्यात निस्ते म्हातारे घावले. मंग सरकारनं काठ्या वाटल्या. मला दोन आल्या! एकीनं शेळी हाकते, दुसरीवर दोडका चढलाय."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"नातीसाठी वसतिगृह मागाया गेले, तर सायेब म्हनतो, गावात पोरं कुटं हायेत? पोरं उसाच्या फडात, त्याला दावू कुठनं? दसरा झाला की नात बी शाळा सोडून आईबापामागं जानार. भादव्यात मोजा म्हनावं."

उतरल्यावर त्यांनी बाहेरून खिडकीवर थाप मारली. "म्हातारे मागनं मोजा! आमी कुटं पळतोय?"

पत्नीच्या सहकारी बाईंना मी पाणी पिण्याआधी हेच सांगितलं. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर चाळलं.

"खरं आहे. पण भाद्रपदात आमच्या परीक्षा असतात हो."

"मग भादव्यात मोजायला मी जातो," मी म्हणालो आणि गठ्ठा परत पिशवीत घातला.