झालरीचं दुसरं टोक

औशाहून एसटीनं नांदेडला निघालो होतो. शेजारच्या सीटवरच्या मावशींनी पिशवीतून गोल रुमालाची क्रोशाची झालर काढली. पुतणीच्या रुखवतात मांडायची होती. अर्धी यांनी विणलेली, अर्धी जावेनं. दोघींचं बोलणं कधीचं बंद, म्हणून पोरीनं मुद्दाम वाटून दिलेली आणि जोडायला यांच्याकडे धाडलेली.

"धरा हो भाऊ," म्हणत त्यांनी झालर माझ्या अंगठ्याला अडकवली. घरी मला शर्टाचं बटणही लावू देत नाहीत, इथं मी थेट खुंटी झालो.

टोकं जुळेनात. जावेचे टाके आवळ, यांचे सैल. मला वाटलं, आता जावेचे टाके उसवणार. त्यांनी त्या टोकाचे स्वतःचेच उसवले, आवळून विणले आणि एक बाजू जोडली. दुसरी तशीच सोडली.

"हे राहिलं की!" मी म्हणालो.

"ते तिचं. लातूरला ह्याच गाडीत चढणार हाय, पोरीनंच कळवलंय. समदं मीच केलं तर ती बोलंल कशावर?"

लातूरला एक बाई चढल्या आणि आमच्यासमोर थबकल्या. मी अंगठा सोडवून उठलो. त्या बसल्या, झालर उलटसुलट पाहिली.

"अक्का, द्या ती सुई. किती सैल विणलंय हे!"

नांदेडपर्यंत मी दांडा धरून उभा होतो आणि खाली दोघी एकमेकींच्या टाक्यांना मनसोक्त नावं ठेवत होत्या.