गाळणीचा पडदा

आईच्या लघवीतून प्रथिनं जातायत हे कळलं, तेव्हा मी बी.एस्सी. होऊन मांडवीच्या घरात बसले होते. बाबा जाऊन बरीच वर्षं झालेली, दादा मुंबईत नोकरीला. घरात आम्ही दोघीच. मुंबईला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला माझा नंबर लागला होता. जूनच्या मध्यापर्यंत स्वतः जाऊन नाव नोंदवायचं, एवढंच बाकी होतं. आणि डॉक्टर म्हणाले, पायांची सूज उतरेपर्यंत यांना एकटं सोडू नका. झालं! दादानेही तेच धरून ठेवलं. सूज उतरू दे, मग तू ये, इथून मावशीला पाठवतो, ती बघेल आईला.

डॉक्टर समजावून सांगणारे होते. म्हणाले, किडनीत बारीक गाळण्या असतात, त्यांना पातळ पडदा असतो. वय वाढलं की तो जाड होतो आणि गळायलाही लागतो.

"जाड झाला म्हणता, मग गळतो कसा हो?" आई म्हणाली. "काहीतरीच! आमचं नारळाचा रस गाळायचं फडकं जुनं झालं की विरतं."

डॉक्टर हसले. "हे फडकं विरत नाही. यात एक प्रकारचे धागे वाढत जातात, दुसरे काही घटक आटतात. वीण पहिली राहत नाही, म्हणून नको ते निसटतं. सगळ्यांचंच होतं थोडंफार, तुमचं जरा जास्त झालंय. पडदा काही परत पहिल्यासारखा होणार नाही. सूज मात्र मीठ बंद केलंत तर उतरेल."

आज माझीही साठी उलटलीय, माझ्याही पडद्याचं तेच चाललं असणार. तेव्हा मात्र मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं. घरी येऊन मी मिठाचा डबा माझ्या ट्रंकेत टाकला आणि कुलूप लावलं.

"पोलिसात जा गो तू," आई म्हणायची. "लॅब कशाला?"

आमटी अळणी, भात अळणी, मासळी अळणी. तिच्याबरोबर मीही तेच गिळत होते. सकाळी उठलं की आधी तिच्या नडगीवर अंगठा दाबायचा. खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. मग परीक्षानळीत लघवी उकळून बघायची. वर प्रथिनांचं पांढरं धरायचंच. ते धरणारच होतं, माझं त्याच्याशी भांडण नव्हतं. माझं भांडण त्या खड्ड्याशी होतं. बरोबरच्या मुली एकेक करून नोकरीला लागल्या, लग्न होऊन गेल्या. आणि मी? आईच्या पायांत माझा पाय अडकला होता. कधी कधी तर तिचा राग यायचा, अगदी उघडा राग, आजारी माणसाचा येऊ नये तसा.

तिची हौस एकच उरली होती, कोकम. सकाळी एक पेला, दुपारी एक. कोकम थंड, त्याने काय होतंय, असं ती म्हणे आणि मीही म्हणे. आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, बाटली मीच काढून द्यायची.

मे महिन्यात रातांबे, कोकमाची फळं, आले. नवं आगळ करायला मागीलदारी बसले. साली सोलल्या, ट्रंक उघडून मिठाचा डबा आणला. मीठ घातल्याशिवाय आगळ कसं टिकणार? एक मूठ घातली, दुसरी घातली, तिसरी हातातच राहिली. अगं बाई! वर्षभर आगळ टिकवणारं ते मीठच तर मी तिला रोज पेल्यातून पाजत होते. आमच्याकडे मीठ म्हणजे डब्यातलं. आगळातलं मीठ कोण मोजतो!

तशीच मीठभरल्या हातांनी आत धावले. "आई, आगळात मीठ असतं गो!"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे मला. जन्मभर आगळ घालतेय मी."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"मग पीत का राहिलीस?"

"सूज गेली की तू जाणार. मी एकटीने काय करू या घरात?"

"आणि मी काय करू या घरात?" मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी तिच्यावर कधीच ओरडले नव्हते. "मी काय करू, सांग ना!"

तिने सूप बाजूला ठेवून तोंडाला पदर लावला. रडत होती की नाही, तेही मी बघितलं नाही.

आगळ त्या दिवसापासून बंद. दादाला मी कळवलं, सूज आता उतरेल, मावशीला पाठव. त्याचं उत्तर आलं, आधी उतरू दे. पायांची सूज सावकाश ओसरत गेली. जून अर्धा सरला, तरी अंगठा जरासा रुतायचाच.

महिनाअखेरीस डॉक्टरांनी नडगी दाबून बघितली. खड्डा पडला नाही. ते खूश होऊन म्हणाले, "वा! आता या पोरीला जाऊ द्या मुंबईला."

"कुठली मुंबई, डॉक्टर," आई चटकन म्हणाली. "मुदत गेली तिची."

किती दिवसांनी तिच्या आवाजाला असा तजेला आला होता.