ग्रहणाचं मॉडेल

शाळेच्या संस्थेच्या सचिवांनी हँडल फिरवलं. सायकलची साखळी सरकली. गोटीचा चंद्र बल्ब आणि चेंडू यांच्या मधे आला. चेंडूच्या पृथ्वीवर काळा ठिपका पडला. तिथंच त्यांनी हात थांबवला.

"लागलं ग्रहण," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आता तुझं काम. घाल की हाळी. दे दान, सुटे गिऱ्हाण."

माणसं हसली. मीही हसलो.

आणि मी हाळी घातली.

नुसती घातली नाही. सूर लावून घातली. सचिवांनी ताटातला पेढा उचलला, माझ्या हातावर वरून सोडला. मी तो खाल्ला.

ऐंशी सालचं सूर्यग्रहण जवळ आलं होतं. नाशिकच्या एका शाळेच्या वर्कशॉपात मी कामाला होतो. विज्ञान प्रदर्शनासाठी ते मॉडेल मी बनवलं. भंगारातली सायकल, शिलाई मशीनचं हँडल, जुन्या गजराच्या घड्याळांची चाकं. पोराने स्वतः फिरवावं आणि बघावं, सूर्याला कुणी गिळत नाही, नुसती सावली पडते. एवढ्यासाठी केलं होतं. कारण ग्रहण लागलं की गावभर ओरडत फिरायचं काम आमच्या माणसांचं. गावानं फाटकं लुगडं, शिळं धान्य घालायचं. म्हणजे म्हणे सूर्य सुटतो. चांदवडकडच्या आमच्या गावात आई फिरायची. मी तिचा पदर धरून मागं. आम्ही बौद्ध झालो, त्यानंतर तिनं ते काम कधी केलं नाही.

हाळी घातली त्या पहिल्या दिवशी आई दाराशी उभी होती. मीच तिला आणलं होतं, मॉडेल दाखवायला.

 घरी दारात चपला काढताना ती म्हणाली, "त्यो आवाज माझा व्हता. धर्म घेतला तवा मी टाकला. तू उचलून आणलास."

मला काही वाटलं नाही. खरंच नाही. जेवलो, झोपलो.

दुसऱ्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब आले. सचिवांनी हँडल फिरवलं आणि नेमकं तिथंच थांबवलं. ठिपका पृथ्वीवर.

"कालचं होऊन जाऊ दे," ते म्हणाले.

मी हात मागं बांधले.

"हे दानानं सुटत नाही, साहेब. हँडल फिरवा."

कुणी हसलं नाही. बल्ब तापला होता, गोटीच्या रंगाचा वास यायला लागला. सचिव माझ्याकडे बघत राहिले. मी गोटीकडे. शेवटी त्यांनीच फिरवलं. ठिपका सरकला.

पुढच्या महिन्यात मला वर्कशॉपातून काढून पाण्याच्या टाक्या धुवायला लावलं. मॉडेल माळ्यावर गेलं. साहेब आले त्या दुसऱ्या दिवशी आई आली नव्हती. त्यानंतर ती त्या शाळेत कधीच आली नाही.

हा दुसरा दिवस मी आयुष्यभर सांगितला. जयंतीला, वस्तीतल्या सभांना, इंदिरानगरच्या हॉलमध्ये शाल घेताना. "हँडल फिरवा" म्हटलं की टाळ्या पडायच्या. आई पुढच्या सतरंजीवर बसलेली असायची. टाळ्या वाजवायची नाही. पहिला दिवस तिनंही कुणाला सांगितला नाही. माझी लाज तिनं झाकली आणि मी ती झाकू दिली. ती गेली, त्यानंतरही मी दुसराच दिवस सांगत राहिलो.

मला नकार द्यायला एक रात्र लागली. आईनं तर हातावर पोट असताना एका दिवसात ते काम टाकलं होतं. टाळ्या तिच्या होत्या. घेतल्या मी.

यंदा सत्काराला पुन्हा बोलावलंय. शाल घेणार नाही, हे कळवलंय. उभा राहीन आणि आधी पहिला दिवस सांगेन. ती हाळी माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही. पण निघाली होती, हे सांगेन. आईसमोर निघाली होती. पेढा खाल्ला होता, तेही.