चहाच्या डोंगरावर साखर

११ एप्रिल. एका रात्रीपुरती बॅग भरायची होती. मोठं सामान मुलीच्या फ्लॅटवर ठेवायचं आणि डोंगरावर एकाच बॅगेत भागवायचं, असं ठरलं होतं. दोघांचे कपडे, स्वेटर, यांचं इन्सुलिनचं पेन, साखर तपासायचं मशीन, चिवड्याचा डबा. सगळं बसलं. मग सवयीप्रमाणे मी यांच्या जॅकेटचे खिसे तपासले. डाव्या खिशात संत्रागोळ्यांचं पाकीट निघालं आणि नऊ रिकामे कागद.

साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला या गोळ्या जवळ ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अडीअडचणीला. यांना अडचण रोज यायची, बहुतेक दुपारी तीनच्या सुमारास. जबलपूरहून निघताना पाकीट भरलेलं होतं, चार दिवसांत निम्म्यावर आलं. मी ते काढून मुलीच्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये टाकलं. यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वाद झाला असता, आणि खाली गाडी उभी होती.

वेंधळेपणानं केलं असं म्हणायची सोय नाही. चहाच्या बागा बघायला चाललोय, तिथं साखरेला काय तोटा, असा मी विचार केला होता. जबलपूरच्या राइट टाउनमधल्या आमच्या घरापासून माझ्या शाळेपर्यंत सहा टपऱ्या आहेत. सहाही ठिकाणी बिनसाखरेचा चहा मागितला, तर "कौन बीमार है, दीदी?" असं विचारतात. चहा आहे तिथं साखर आहे, याची मला तपासणी करावीशी वाटली नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते.

मुलगी तीन वर्षांपासून चीनच्या झेजियांग प्रांतातल्या एका कंपनीत नोकरी करते. आम्हाला दोघांना तिनंच बोलावून घेतलं होतं. हे बरगी धरणावरच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरात बसून माझ्या स्वयंपाकात सुधारणा सुचवत होते, त्यामुळे मीही लगेच हो म्हटलं.

सकाळचं इन्सुलिन आठला. हा नियम माझा, आणि तो मी परदेशातही पाळला. सुई टोचली आणि मग वाटेतल्या खानावळीत नाश्ता पुढं आला. तांदळाची पातळ पेज आणि बारीक चिरलेलं काहीतरी तिच्यावर. वाटीत मांस असेल म्हणून हे चमच्यानं ढवळत बसले. अर्धी वाटी खाऊन बाजूला सारली. मी पाहिलं. पण टोचलेलं इन्सुलिन काढून घेता येत नाही. बाराला जेवण होईल, असा हिशेब केला.

घाटात बारा वाजून गेले. ज्या शेतकऱ्याच्या घरी राहायचं होतं तिथं पोचलो तेव्हा एक वाजला होता, आणि जेवणाला अजून अर्धा तास होता. मुलीला ऑफिसच्या मीटिंगसाठी फोनवर बसायचं होतं. "आई, नेट फक्त या अंगणातच येऊन राहिलं. तुम्ही दोघं वर बाग पाहून या ना. पायऱ्या आहेत, बाबांना जमेल."

बॅग खोलीत ठेवली आणि निघालो. जातानाच चिवड्याचा डबा काढला असता तर. असो.

बाग सुंदर होती, यात शंका नाही. डोंगराला पायऱ्या पायऱ्या पाडलेल्या, प्रत्येक पायरीवर चहाची गुडघ्याएवढी झुडपं कातरल्यासारखी गोल, मध्येच बांबूचं बन, आणि खालच्या दरीतून धुकं वर चढत होतं. बायका कमरेला टोपल्या बांधून खुडत होत्या. मी पूर्वी जबलपूरजवळच्या कुंडमच्या शाळेत होते. एप्रिल संपत आला की तिथले वर्ग निम्मे रिकामे व्हायचे, पोरं आईबापांबरोबर विडीचा तेंदूपत्ता तोडायला जंगलात. तिथं हाताएवढी पानं तोडतात, इथं नखाएवढा कोंब. पण पाठी सारख्याच वाकलेल्या. हे मी यांना सांगायला वळले, तर हे मागं एका पायरीवर बसलेले.

"बसले काहून? जेवण तयार होऊन राहिलं खाली."

"तू जा."

"मी जाऊ आणि तुम्ही काय इथं चहा खुडून राहणार?"

"गाडी आली की येतो."

"कोणती गाडी?"

"बरगीची."

यांना थट्टेची सवय आहे. मला वाटलं थट्टाच चालली आहे, आणि पाय दुखतात हे कबूल करायचं नाही म्हणून चालली आहे. मी म्हटलं, "उठा आता, नाटकं पुरे." "तूच नाटकं कर," असं म्हणून यांनी माझा हात झटकला. एकोणतीस वर्षांत यांनी माझा हात कधी झटकलेला नव्हता. तरी मी आणखी दोन-चार वाक्यं ऐकवली. पेजेवरून ऐकवलं, चालायचा आळस यावरून ऐकवलं. ती पाच मिनिटं मला अजून परत हवी आहेत.

मग कपाळावरचा घाम दिसला. थंडी होती, मी स्वेटर घातला होता, आणि यांचा शर्ट गळ्याशी ओला झाला होता. ओठ पांढरे. आणि डावा हात जॅकेटच्या खिशात जात होता, बाहेर येत होता, पुन्हा आत जात होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. बोलणं गेलं होतं, मला ओळखत होते की नाही कोण जाणे, पण हाताला खिसा आठवत होता. खिसा रिकामा का आहे, हे त्या डोंगरावर फक्त मला माहीत होतं.

फोनला रेंज नाही. मी मुलीला हाका मारल्या. घर पंधरा मिनिटं खाली, मध्ये धुकं. धावत जाऊन यायचं तर अर्धा तास, आणि हे पायरीच्या कडेला बसलेले. खाली तोल गेला असता तर सहा फूट. यांना खांद्याला धरून मी बायकांच्या दिशेनं ओरडले. मराठीत ओरडले, मग हिंदीत. भाषा कुठली याचा काही उपयोग नव्हता.

चार जणी आल्या. एकीनं लगेच कमरेची बाटली काढली आणि झाकणात चहा ओतून यांच्या तोंडाशी धरला. मी चव घेतली. गवताचं गरम पाणी, साखरेचा कण नाही. मी मान हलवली. चिमटीनं कपात काही टाकल्यासारखं करून दाखवलं. दुसरीनं आपल्या बाटलीतला चहा दिला, त्यात पानं जास्त होती. मी जीभ काढून ओठ चाटले, गोड, गोड म्हटलं. त्या हसल्या, आणि तिसरीनं तिचा चहा पुढं केला. चार बाटल्या, चारही जणींचा चहा, सगळा एकसारखा कडवट. मी त्यांचा चहा नाकारते आहे म्हणून एक जण ओशाळली, तेही मला दिसत होतं. ग्लुकोज मेंदूला कसं पोचतं, हे मी दरवर्षी दहावीला फळ्यावर काढून दाखवते. ग्लुकोज मात्र नव्हतं.

यांची मान छातीवर यायला लागली होती. आता काय करावं हे सुचेना, आणि न सुचता काहीतरी करत राहावं म्हणून मी माझ्या पोटाची चिमटी धरली आणि अंगठ्यानं पेन दाबल्यासारखं केलं. सकाळी आठला यांना करते तसं. कुणाला समजावं म्हणून नव्हे. हात तेवढंच करत होता.

त्यांच्यातली सगळ्यात वयस्क बाई एकदम पुढं आली. तिनं स्वतःच्या पोटाची चिमटी धरली, अंगठा दाबला आणि माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली, दहा वेळा डोलावली असेल. तिनं यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि मग टोपली तिथंच टाकून पायऱ्या उतरत निघून गेली. मला वाटलं, हे आता जाणार म्हणून ती घाबरून पळाली.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी यांचं नाव घेऊन हाका मारत होते, लग्नात घेतलं त्यानंतर पहिल्यांदाच. उरलेल्या तिघींनी यांना मागून टेकू दिला होता. एक जण यांचा तळहात चोळत होती. मी एवढंच करू शकत होते, की हाका मारायच्या आणि धरून ठेवायचं.

ती वर आली ती धापा टाकत, हातात काचेची बरणी घेऊन. बरणीत लालसर काळे खडे. मी वास घेतला. गूळ. आपल्या करेली गावच्या गुळापेक्षा जरा काळा, पण गूळच. मी खडा दगडावर ठेचला, बोटावर घेऊन यांच्या गालाच्या आत चोळला. यांनी माझं बोट चावलं. मी पुन्हा चोळला. थोडं गिळायला लागले, तेव्हा बाटलीच्या झाकणातल्या चहात दोन खडे विरघळवले आणि झाकणातून झाकणात ओतून निववला. त्यांच्या त्या कोवळ्या कोंबांच्या चहात मी गूळ ढवळतेय हे बघून चौघींचे चेहरे असे झाले, की जणू मी देवघरात चपला घालून शिरले होते. पण कुणी अडवलं नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी यांनी डोळे नीट उघडले. इकडं तिकडं पाहिलं.

"या बाया कोण आहेत?"

"चहावाल्या."

"चहा गोड आहे," हे म्हणाले. "पहिल्यांदा या देशात जमला कोणाला."

मी खाली बसले.

संध्याकाळी त्या घरात सगळा उलगडा झाला. बरणीवाली बाई म्हणजे आमच्या घरमालकाची आईच. ती मागच्या दारानं बरणी घेऊन गेली, म्हणून अंगणात फोनवर असलेल्या मुलीला पत्ता लागला नव्हता. आतल्या खोलीत तिची नातसून बाळंतीण होती, बाळ अठरा दिवसांचं. त्यांच्याकडे बाळंतिणीला गुळाचं गरम पाणी देतात म्हणून गूळ घरात, नाहीतर गोड म्हणून घरात काही नाही. आणि बाईचा नवरा पोटात इन्सुलिन टोचून घ्यायचा. तो गेला त्याला सहा वर्षं झाली. हे सगळं मुलीनं विचारून मला सांगितलं.

मग तिनं मला विचारलं. "पण बाबांच्या गोळ्या कुठं होत्या? डॉक्टर इतना बोले थे."

मी सांगितलं.

"आई! काहून काढल्या? मुझे तो बता देती."

"रोज दोन-तीन खाऊन राहिले होते."

"तो खाने देती ना!"

पलंगावरून हे म्हणाले, "तिला ओरडू नको. माझ्या खिशात हात घालायचा तिला जुना हक्क आहे." मुलगी हसली नाही. यांनी मला दोष दिला असता, तर मला उत्तर देता आलं असतं. रात्रीचं इन्सुलिन किती द्यायचं हे मी मुलीला तिच्या फोनवर इथल्या डॉक्टरला विचारायला लावलं. अकरा वर्षं तो आकडा मी ठरवत आले होते. त्या दिवशी मशीनवरचा आकडा मी चार वेळा पाहिला आणि पाचव्यांदा यांच्या हातात मशीन दिलं.

बाईला काय द्यायचं, हा प्रश्न होता. पैसे तिनं हातानं दूर सारले. मी आणलेली चंदेरी स्टोल बघून हसली आणि नातसुनेच्या खांद्यावर टाकली. आभाराचे शब्द मुलीनं तिच्या भाषेत सांगितले, तर तिनं हात झाडले आणि बाळाचं दुपटं बदलायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती टोपली बांधून निघाली, तेव्हा मीही अंगणात उभी होते. तिनं दुसरी टोपली माझ्या कमरेला बांधली. पहिल्या झुडपापाशी तिनं एक कोंब आणि एक पान असं धरून दाखवलं. नख लावायचं नाही, बोटानं वर ओढायचं. मी खुडायला लागले. तासाभरानं तिनं माझ्या टोपलीत हात घातला, पानं तळहातावर पसरली आणि मोठी मोठी वेचून झुडपाखाली टाकली. निम्म्याहून जास्त गेली. मी पुढच्या झुडपाकडं सरकले आणि नऊला गाडी येईपर्यंत खुडत राहिले.